आकस्मिक खर्च

खानावळवाल्या मावशी पावती देत नाहीत, हे ऑडिटरला कसं पटवायचं, यावर आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एका दुपारी चांगला अर्धा तास खल झाला होता.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मध्य मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात मी इतिहास शिकवत होते. गिरणगावातल्या खानावळींवर मला एक लघु संशोधन प्रकल्प मंजूर झाला होता. दोन वर्षांसाठी ८५ हजार रुपये. पुस्तकं, प्रवास, क्षेत्रकाम, टंकलेखन अशी एकेक शीर्षं आणि सगळ्यात शेवटी ‘आकस्मिक खर्च’. आमचे हेडक्लार्क, ज्यांना शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे अण्णाच म्हणत, ते टेबलावर व्हाउचरं पसरून बसले होते. प्रत्येक पावती पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवलेली, कडेला पेन्सिलीने आकडा.

“मॅडम, हे ३४० रुपये कशाचे?”

“मावशींकडे न्यायच्या वस्तूंचे.”

“पावती?”

“अण्णा, केळीवाला कुठे पावती देतो?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. प्रकल्पात मदतनीस असलेली आमची विद्यार्थिनी मावशींकडे मुलाखतीला गेली की मावशी तिला जेवल्याशिवाय सोडत नाहीत आणि जेवणाचे पैसे घेत नाहीत. त्यामुळे ती दर वेळी काहीतरी घेऊन जाते. कधी अर्धा डझन केळी, कधी पाव किलो चहापावडर. एकदा मावशींच्या चष्म्याची तुटलेली काडी ती लालबागच्या दुकानातून बसवून घेऊन आली. अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं : ‘क्षेत्रकामातील आकस्मिक खर्च, पावती उपलब्ध नाही, प्रमाणित.’ माझी सही घेतली. “ऑडिटर विचारेल तेव्हा मी बोलीन,” म्हणाले.

अण्णा आज नाहीत. पण अनुदान, फेलोशिप, प्रकल्प असे शब्द कानावर पडले की मला आधी तो डिंक लावलेला कागद आठवतो. गेल्या महिन्यात परत आठवला. माझी भाची अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात आहे. तिचा रात्री फोन आला. “आत्या, सुट्टीत मला इथेच राहून स्वतःच्या विषयावर काम करायचे पैसे मिळाले. वाचायचे पैसे, आत्या!” तिच्या आवाजातला तो अविश्वास मी ओळखला. असाच आवाज मी एकदा परळच्या पुलाखाली ऐकला होता.

तो आवाज मावशींकडे जाणाऱ्या त्या मुलीचा. ती तेव्हा एस. वाय. बी. ए.ला होती. तिचं नाव लिहीत नाही. आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, वडील मॉलमध्ये सुरक्षारक्षक, आणि मॉल उभा होता तो आजोबांच्याच गिरणीच्या जागेवर. सकाळी कॉलेज, दुपारी चार ते रात्री नऊ एका औषधांच्या दुकानात काउंटरवर. वर्गात मागच्या बाकावर बसायची, डोळे मिटत यायचे. १९८२ च्या गिरणी संपावर मी शिकवत होते त्या दिवशी मात्र तिने हात वर केला. १८ जानेवारीला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, नेते दत्ता सामंत, मागण्या या, परिणाम हे, असं सगळं फळ्यावर लिहून झालं होतं. ती म्हणाली, “मॅडम, इतके महिने पगार नव्हता, तर लोक जेवत काय होते?”

तीस वर्षं मी संप शिकवला. हा प्रश्न मला पडला नव्हता. पुस्तकांत ‘हलाखी’ असा एक शब्द असतो, आणि तो वाचून आपण पुढे जातो.

तेव्हा माझा प्रकल्प नुकताच मंजूर झाला होता. विषय खानावळीच होता, पण मी त्यांच्याकडे पदार्थ, गावं, जातीपाती, कोकणी आणि घाटी चवी अशा अंगाने पाहत होते. तिच्या प्रश्नाने माझा प्रकल्प फिरला. मी अण्णांना विचारलं, बी. ए.च्या मुलीला मदतनीस म्हणून घेता येईल का? नियमावली पालथी घातली. ‘क्षेत्रकामासाठी तात्पुरते साहाय्य’ असं शीर्ष होतं आणि त्यात पदवीची अट कुठेच लिहिलेली नव्हती. महिना २५०० रुपये, चार महिने. तिला सांगितलं तेव्हा ती परळच्या पुलाखाली, बस स्टॉपवर माझ्या शेजारी उभी होती. “म्हणजे मी दुकान सोडू?” असं तिने तीनदा विचारलं.

अनुदानाने काय विकत घेता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकं वाचनालयातून मिळतात. प्रवास म्हटला तर सेकंड क्लासचा पास असतोच. विकत घ्यावी लागते ती दुपार. ज्याच्या घरी खायची ददात नाही त्याला दुपार फुकट मिळते आणि तो ती फुकट आहे असंच समजतो. तिच्यासाठी चार ते नऊ या पाच तासांची किंमत ठरलेली होती, आणि तेवढी कुणी भरली तरच तिला तिच्या प्रश्नामागे जाता येणार होतं. दहा हजार रुपयांत आम्ही तिच्या चार महिन्यांच्या दुपारी सोडवून आणल्या. सोनाराकडून गहाण दागिना सोडवतात तशा.

मावशींची खानावळ म्हणजे चाळीतली दोन खोल्यांची जागा. पूर्वी पन्नास-साठ माणसं दोन पाळ्यांत जेवायची, आता आठ-दहा. तीही गिरणीतली नव्हेत, कुरिअरची पोरं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मावशींनी फडताळातल्या डब्यामागून एक चोपडी काढली. लाल कापडाचा पुठ्ठा, कोपरे झिजून गोल झालेले, पानांच्या कडेला तेलाचे डाग पसरून कागद पारदर्शक झालेला. एका माणसाला एक पान. वर नाव, गाव, गिरणी. खाली जेवणाच्या उभ्या रेघा, चार झाल्या की पाचवी आडवी. माणूस गावी गेला असेल त्या दिवसांना फुल्या. उजवीकडे महिन्याचा आकडा आणि त्याच्यापुढे ‘जमा’.

१९८२ च्या जानेवारीपर्यंत सगळं नीट आहे. फेब्रुवारीपासून डावीकडच्या रेघा चालूच आहेत, उजवीकडचं ‘जमा’ कोरं. मार्च कोरा. एप्रिल कोरा. रेघा मात्र एकही दिवस चुकलेल्या नाहीत. मग मे-जूनकडे एकेका पानावर रेघा थांबतात आणि खाली एकच शब्द येतो : ‘गावी’. आमच्या मुलीने अशी २३ पानं मोजली. त्यांतल्या सात पानांवर पुढे कधीतरी वेगळ्या शाईत आकडे आहेत. कुणी १९८४ मध्ये चाळीस रुपये, कुणी १९८५ मध्ये मनीऑर्डरने साठ. उरलेली सोळा पानं तशीच.

मुलाखतीची ध्वनिफीत माझ्याकडे आहे. मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी पाणी भरतंय. मुलगी विचारते, “मावशी, एवढी उधारी बुडाली, राग नाही आला?”

मावशी म्हणतात, “बुडाली कसली? जेवले की.”

मग मुलगी पुढचा प्रश्न विचारते आणि तो तिला मी शिकवलेला नव्हता. “पण मग तुमचं वाण्याचं कसं भागायचं?” तिथून एक वेगळीच वाट निघाली. वाण्याची उधारी, गहाण पडलेल्या पाटल्या, व्याजाने घेतलेले पैसे. आणि काही बायकांच्या बाबतीत बँकेचं कर्ज. खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. सावकाराच्या जाचातून सुटून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेतून थोडं थोडं कर्ज मिळू लागलं होतं, ते त्यामुळे. गिरणगावातलं हे माहीत असलेले लोक पुष्कळ आहेत. पण एका बी. ए.च्या मुलीने चोपडी समोर ठेवून दाखवून दिलं की संपाचा पहिला हप्ता बायकांनी भरला होता आणि त्याची नोंद संपाच्या हिशेबात कुठेही नाही. तिच्या निबंधाचं शीर्षकच होतं ‘संप कुणाच्या पैशावर चालला?’ आमच्या अहवालातलं ते सर्वांत चांगलं प्रकरण आहे. माझी प्रकरणं त्याच्यापुढे फिकी आहेत, हे मी तेव्हाही म्हणत असे.

प्रकल्प संपल्यावर एक कागद भरून द्यावा लागतो. उपयोगिता प्रमाणपत्र. मंजूर रक्कम ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी खर्च झाली, असं प्राचार्य आणि सनदी लेखापाल सही करून सांगतात. अशा कागदाला माझा विरोध नाही. पैसा लोकांचा आहे, हिशेब दिलाच पाहिजे, आणि अण्णांसारखा माणूस तो हिशेब किती मायेने ठेवू शकतो हे मी पाहिलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की ‘उपयोगिता’ हा शब्द फार मोठा आहे आणि तो कागद फार छोटा आहे. ८५ हजारांतला पै न् पै त्यात आला. लहानपणी जिच्या घरात संपाचं नाव काढलं की आजोबा उठून गॅलरीत जायचे, ती मुलगी निबंध घेऊन त्या आजोबांच्या शेजारी बसली आणि त्यांनी तो पूर्ण वाचून घेतला. हे कुठल्या शीर्षाखाली लिहायचं?

तक्रार करायची तर ती उशिराची. शेवटचा हप्ता, २५ हजारांचा, अहवाल दिल्यानंतर सव्वादोन वर्षांनी आला. अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण कॉलेजांत विचाराल तर प्रत्येकाकडे अशी एक तरी गोष्ट निघेल. माझा पगार चालू होता म्हणून मी मुलीचे पैसे खिशातून दिले आणि नंतर वळते करून घेतले. पण ‘आधी खर्च करा, मग मागा’ ही पद्धत ज्याने काढली त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे : मागणाऱ्याच्या घरी आधीच काहीतरी शिल्लक आहे. ज्याच्या घरी नाही तो अर्जच करत नाही. मग आपण म्हणतो की गरीब घरातल्या मुलांना संशोधनाची आवड नसते.

इतिहासाची शिक्षिका आहे, म्हणून थोडं मागे जाते.

मुंबईत पैशावाचून ज्ञान अडलं असं फारसं झालेलं नाही. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त होऊन निघाले तेव्हा शहरातल्या लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून जास्त वर्गणी गोळा केली. पुतळ्यांची हौस तेव्हाही होती, पण ही वर्गणी काढली ती प्राध्यापक नेमायला. एल्फिन्स्टन कॉलेजचं मूळ त्यात आहे. त्या संस्थेत दादाभाई नौरोजी शिकले. फी पडत नव्हती म्हणून शिकता आलं. आपलं शिक्षण लोकांच्या पैशातून झालं, तेव्हा आपल्यात जे काही उत्तम असेल ते लोकांना परत द्यायला हवं, ही भावना तिथेच रुजली असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांना कायदा शिकायला विलायतेला पाठवावं असं मुंबईच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्या मनात होतं. अर्धा खर्च ते स्वतः देणार होते, उरलेला अर्धा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी द्यावा अशी त्यांची अट होती. मुलगा तिकडे जाऊन धर्म बदलेल या भीतीने तो अर्धा काही आला नाही. दादाभाई वकील झाले नाहीत. गणिताचे प्राध्यापक झाले, आणि मग बाकीचं सगळं झालं. एखादी शिष्यवृत्ती न मिळाल्यामुळेही इतिहास घडतो, असं मी हे शिकवताना मुलांना सांगायचे. पण दादाभाईंना दुसरे दरवाजे होते, हेही सांगायचे.

कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत १८६४ साली प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव. तोच आपला राजाबाई टॉवर, पूर्ण झाला १८७८ मध्ये. देणगीच्या पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्याबरोबर सगळी मुंबई कोसळली, हे सर्वांना ठाऊक आहे. फारसं ठाऊक नसतं ते असं की याच प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले, आणि कलकत्त्याने त्यातून मनोरा बांधला नाही. त्यांनी शिष्यवृत्ती काढली. प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती म्हणजे बंगालमध्ये पुढे मानाचं पान. ती मिळालेल्यांत एक होते इतिहासकार जदुनाथ सरकार, साल १८९७. औरंगजेबावर आयुष्य घालवलेला हा माणूस. १९१९ साली त्यांचा शिवाजी महाराजांवरचा ग्रंथ आला. त्यांच्या मतांवरून आपल्याकडे किती वाद झाले, आणि आपले रियासतकार सरदेसाई त्यांचे जन्माचे स्नेही. मुंबईच्या कापसाचा पैसा कलकत्त्याला गेला आणि तिथून शिवचरित्राच्या रूपाने महाराष्ट्रात परत आला.

मी राजाबाई टॉवरच्या विरोधात नाही. त्याच्या खालच्या वाचनालयात, त्या रंगीत काचांच्या उजेडात, मी माझी एम. ए.ची दोन वर्षं काढली आहेत. पण ओव्हल मैदानावरून चालताना वर पाहिलं की मनात येतं, मनोऱ्याला आणि शिष्यवृत्तीला प्रेमचंदांनी दोन-दोन लाखच दिले होते. देणाऱ्याला मनोरा दिसतो, त्यावर नाव घालता येतं. दुपार सोडवून आणली तर तिच्यावर पाटी कुठे लावणार? आजही कॉलेजांना देणगी मिळते ती सभागृहाला, लिफ्टला, वातानुकूलित सेमिनार हॉलला. कोनशिला बसते. त्याच हॉलमध्ये ‘संशोधनातील नव्या दिशा’ वगैरे विषयावर परिसंवाद होतो आणि चहाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाकडे गॅझेटियरच्या झेरॉक्सपुरते पैसे नसतात.

परळच्या पोयबावाडीतल्या बी. आय. टी. चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आहेत. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचा रोजचा रस्ता तिथून जायचा. तिथे राहून भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात जात होते तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळत होते. केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला होता. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानचीच तीन वर्षांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, आणि कोलंबिया विद्यापीठ. हे सगळे सांगतात. वर्गात मी मुलांना त्या पुढचं सांगायचे, ते म्हणजे बाबासाहेबांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. या माणसाने साडेअकरा पौंडांत काय काय ओढून घेतलं पाहा! खायचे पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोनेक हजार पुस्तकं घेतली. आज ज्याला लिबरल आर्ट्स म्हणतात आणि ज्याची खाजगी विद्यापीठांत वर्षाला लाखांनी फी घेतात, ते हेच. एका विषयाच्या कुंपणात न राहता प्रश्न जिकडे नेईल तिकडे जाणं. त्या काळी एका संस्थानिकाला वाटलं, याला जाऊ द्यावं. तेव्हा बाबासाहेबांकडे ‘अपेक्षित निष्पत्ती’चा तक्ता मागितला असता तर त्यांनी त्यात काय भरलं असतं?

भाचीने त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्यासारख्या छोट्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तिकडे वॉटसन नावाची फेलोशिप आहे, १९६८ पासून. वर्षभर स्वतःच्या प्रश्नामागे अमेरिकेबाहेर फिरायचं. वर्ष संपेपर्यंत घरी परतायचं नाही. पदवी मिळत नाही, प्रबंध लिहायचा नाही, कुठल्या विद्यापीठात नाव घालायचं नाही. अधूनमधून काय चाललंय ते कळवायचं आणि शेवटी हिशेब द्यायचा. मी विचारलं, “आणि काहीच हाती नाही लागलं तर?” ती म्हणाली, “आत्या, तेही चालतं.”

तिकडच्या कॉलेजांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या देणग्यांचा गल्ला आहे, आपल्याकडे तो नाही, हे मला मान्य आहे. पण ‘तेही चालतं’ या दोन शब्दांना पैसे पडत नाहीत.

आमच्याकडचं चित्र थोडक्यात असं. अनुदानित कॉलेजांत कायम शिक्षकांचे पगार राज्य सरकार देतं आणि ही फार मोठी गोष्ट आहे, ती विसरू नये. मराठी घरांतली माझ्यासारखी पहिली शिकलेली पिढी त्यावरच उभी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये सुरू झाला, १९५६ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले, आणि कॉलेज त्या कायद्याच्या कलम ‘बारा-बी’त असलं की केंद्राच्या पैशाचा दरवाजा उघडतो, हे वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये मंत्रासारखं म्हटलं जातं. १९९४ मध्ये कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं, २०१३ मध्ये केंद्राची अनुदान योजना रूसा. प्रत्येक पाहुण्याबरोबर नवी फाइल. दुसरीकडे मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान या वर्गांतली बाकं रिकामी होत गेली, शिक्षक निवृत्त झाले की जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि त्याच इमारतीत स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचे वर्ग भरभरून चालले. तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण मंडळी, ज्यांच्या डोक्यात प्रश्न अजून ताजे आहेत, त्यांना बहुतेक योजनांत अर्जच करता येत नाही, कारण ती कायम नाहीत. ज्यांना करता येतो अशा आम्हा कायम लोकांचे अर्धे प्रकल्प, खरं सांगायचं तर, पदोन्नतीच्या गुणांसाठी होते.

आणि बी. ए.च्या मुलांसाठी? फी माफीच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या हव्यातच, त्यांच्यावाचून मुलं वर्गापर्यंत पोचणार नाहीत. कमवा आणि शिका आहे. पण ‘तुला काय शोधायचंय, सांग, हे घे पैसे’ असं एकोणीस वर्षांच्या मुलाला म्हणणारं कुणी नाही. संशोधन म्हणजे पीएच.डी. आणि पीएच.डी. म्हणजे नोकरीसाठी. तोपर्यंत मावशी गेलेल्या असतात. आमच्या मावशी गेल्याच, अहवाल पूर्ण झाल्यानंतर दीड वर्षाने. चोपडी त्यांच्या सुनेने जपून ठेवलीय. आमच्याकडे तिच्या प्रत्येक पानाचा फोटो आहे.

निवृत्त झाल्यावर आम्ही पाच जणांनी मिळून एक छोटा निधी काढला. दोघं माजी विद्यार्थी, तिघं शिक्षक. त्या दोघांतली एक म्हणजे चोपडीवाली मुलगी. ती आता ठाण्याला एका शाळेत शिकवते आणि पगारातून दरमहा ५०० रुपये टाकते. नाव दिलेलं नाही निधीला, नोंदणीही नाही, एक जोडखातं आहे. कला शाखेच्या कुठल्याही मुलाने अर्ज करावा, जास्तीत जास्त ५ हजार. अर्ज एक पानाचा. मराठी, हिंदी, इंग्रजी, जी भाषा जवळची असेल तिच्यात. तीनच प्रश्न : काय शोधायचंय, कुणाला विचारणार, पैसे कशाला लागतील. मंजूर झाले की पैसे त्याच आठवड्यात, आगाऊ. पावती मिळाली तर ठेवा, नाही मिळाली तर लिहून द्या. तो नियम अण्णांचा आहे.

तीन वर्षांत अकरा मुलांना दिले. सगळ्यांचं सांगत बसत नाही. एका मुलाचं सांगते.

काळाचौकीचा मुलगा, टी. वाय. मराठी. त्याला गिरणी कामगारांची पत्रं शोधायची होती. जी. पी. ओ.समोर पत्रं लिहून देणारे बसत. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते त्यांच्याकडून गावी पत्र धाडत. त्या पत्रांची भाषा कशी होती, लिहिणारा मधे स्वतःचं काय घालायचा, ‘पत्रास कारण की’च्या पुढे माणूस किती उघडा व्हायचा, हे त्याला पाहायचं होतं. आम्ही खूश. त्याने २२०० मागितले, आम्ही तेवढेच दिले.

दोन महिन्यांनी तो माझ्या घरी आला. मुलुंडला, भर पावसात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. चहा पुढे ठेवला तरी घेईना. म्हणाला, “मॅडम, मला काहीच नाही मिळालं.” जी. पी. ओ.पाशी त्याला दोन-तीन म्हातारे भेटले. आता ते फॉर्म भरून देतात, पार्सलं शिवतात. आठवणी सांगितल्या त्यांनी, पण पत्र एकही नाही. नक्कल कोण ठेवणार? तो तीन चाळींत फिरला, दोन ट्रंका उघडून पाहिल्या. त्यांत निघालं ते गावाहून आलेलं एक लग्नाचं आमंत्रण. त्याने खिशातून ६४० रुपये काढले आणि टेबलावर ठेवले. उरलेले. सोबत एक पान.

मी ते पान त्याच्यासमोर वाचलं. खर्चाचा तपशील होता, भेटलेल्या माणसांची यादी होती, आणि शेवटच्या ओळी अशा : ‘पत्रं लिहिणारे मुंबईत होते, पण पत्रं गावाला गेली. मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. क्षमस्व.’

मी त्याला म्हटलं, बाळा, यात क्षमस्व कुठून आलं? हे कळायला लोकांना वर्षं लागतात. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चहा घेतला. ६४० रुपये मी परत घेतले नाहीत, त्याच्याच नावावर पुढच्या वेळेसाठी वहीत मांडून ठेवले.

गेल्या रविवारी या वर्षीचे अर्ज उघडले. त्याचाही आहे. आता तो एम. ए.ला आहे. विषय तोच. ‘कुणाला विचारणार’ या प्रश्नापुढे त्याने आईच्या माहेरच्या वाडीतल्या सहा घरांची नावं लिहिली आहेत, आणि खर्चाच्या रकान्यात पहिलीच ओळ आहे : एसटी भाडं, परळ डेपो ते देवरुख, जाऊन-येऊन.